तळ्याच्या वाटेवरचा लाल कोट

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. माझ्या नवऱ्यानेही अजून ठेवलेला नाही. पण तो कोट मी माझ्या हातांनी पिळला आहे... त्याचं पाणी माझ्या बोटांवरून वाहिलं आहे. म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते.

२२ नोव्हेंबर २००३. शनिवारची संध्याकाळ. पेनसिल्व्हेनियातलं एक कॉलेजचं गाव. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि त्यांचं वैरही.

वैर फुटबॉलचं. आमचं कॉलेज निळं, डोंगरापलीकडचं लाल. पणजोबांच्या काळापासून दोघांचं जमत नाही. वर्षातून एकदा मॅच. त्या दिवशी गावात कुणी लाल मोजासुद्धा घालत नाही.

गावात नवे आलो तेव्हा आम्हाला हे कुठून ठाऊक असणार?

संजीवची पीएचडी नुकती सुरू झालेली. मी डिपेंडंट व्हिसावर, दिवसभर घरात. ऑगस्टमध्ये चर्चच्या तळघरात परदेशी विद्यार्थ्यांसाठी जुन्या कपड्यांचं टेबल मांडलं होतं. हवं ते न्या. संजीवने एक कोट उचलला. जाड लोकरीचा, पितळी बटणांचा, लालभडक.

"नवरदेव दिसतोयस," मी म्हटलं.

"थंडीने मरण्यापेक्षा नवरदेव बरा."

तेव्हा हसलो होतो आम्ही.

त्या शनिवारी पहिली खरी थंडी पडली. दुपारी संजीव लॅबमध्ये रीडिंग घ्यायला निघाला. कोट पहिल्यांदाच अंगात चढवला. मोबाइल दोघांत एकच, तो माझ्याजवळ ठेवला. पाचपर्यंत येतो म्हणाला, तळ्याच्या वाटेने, ती जवळची.

गाव रिकामं झालं होतं. सगळे स्टेडियममध्ये. मधूनच लाखभर गळ्यांची एक लाट यायची, खिडकीची काच थरथरायची.

मग पुन्हा काहीच नाही.

साडेचारला सर्वात मोठा आवाज झाला. निळे जिंकले असावेत. बाहेर भुरभुर बर्फ पडू लागला. मी देवापुढे दिवा लावला आणि आई म्हणायची त्या दोन ओळी म्हटल्या.

*सांज झाली दिवा लावा,*
*वाटेवरचा घरी यावा.*

शिरा केला होता. वाटीभर घेऊन खाली गेले. खाली आमचे घरमालक राहायचे, मिस्टर हॅरल्ड. सत्तरीचे, एकटे. नुसतं हॅरल्ड म्हणा, असं त्यांनी कितीदा सांगितलं, पण वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला आमची जीभ वळत नव्हती.

ते अंधारात बसले होते. पडदे ओढलेले. नजर पुढच्या दाराकडे.

मॅच बघत नाही का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आज संजीवला लोक चिडवणार, लाल कोट घालून गेलाय.

चमचा हातातच थांबला.

"कुठला लाल कोट?"

"लोकरीचा. पितळी बटणांचा. चर्चमधून आणला."

त्यांनी वाटी खाली ठेवली. मग बोलले ते माझ्याकडे न बघता.

त्यांचा थोरला भाऊ वॉल्टर लाल कॉलेजात शिकायचा, हे निळ्या. मॅच दोघं मिळून बघायचे. त्यांची एक पैज ठरलेली. जो हरेल त्याने आपला कोट काढून द्यायचा, जिंकणाऱ्याचा अंगात घालायचा आणि घरापर्यंत पायी यायचं. घरी आल्यावर कोट बदलून घ्यायचे, की भांडण मिटलं. १९५१ साली निळे जिंकले. हॅरल्ड लाल कोट घेऊन गाडीने घरी आले. वॉल्टर निळा कोट घालून चालत निघाला, तळ्याच्या वाटेने. तळ्यावर पातळ बर्फ होता...

उन्हाळ्यात फक्त टोपी सापडली.

"दर वर्षी या दिवशी तो येतो," हॅरल्ड म्हणाले. "पायऱ्या चढतो. दाराशी थांबतो. स्वतःचा कोट मागायला. मी दार कधी उघडलं नाही. या वर्षी वाटलं, कोटच घरात नको..."

तो त्यांनी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकला होता.

लॅबला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

पाच वाजून गेले.

आणि बाहेरून आवाज आला.

छप्... छप्... ओल्या बुटांचा.

लाकडी पायरी करकरली. एक. दोन. तीन. मग थांबला.

"संजीव?" मी हाक मारली.



हॅरल्ड खुर्चीला घट्ट धरून बसलेले. बावन्न वर्षं तसेच बसले असतील. मी त्यांच्या गुडघ्यांशी वाकले.

"माझा नवरा बाहेर आहे. आज तरी उघडा."

ते उठले. कडी काढली.

बाहेर कुणी नव्हतं.

पण माझ्या डोळ्यांदेखत उंबऱ्याच्या आत एक ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं. समोरच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत.

"वॉल्ट," हॅरल्ड म्हणाले. इतक्या हळू, की मला उगीच रडू आलं. "तू वर जा, पोरी."

मी वर पळाले. दहा मिनिटांनी संजीव आला.

जिवंत. हसत. अंगात निळा कोट.

तळ्याकाठी एक तरुण पोरगा भेटला म्हणे. तुझ्या अंगातला कोट माझा, हा घे तुझा, असं म्हणाला.

"आणि तू दिलास?"

"इथली मॅचची काही प्रथा असेल यार, नाही कसं म्हणायचं? घरापर्यंत माझ्या पुढेच तर चालत होता."

मी खिडकीतून बघितलं. बर्फात पावलं एकाचीच होती. संजीवची.

निळा कोट मी मोरीत पिळला. पाणी संपेना. शेवाळाचा वास. खिशात मऊ पडलेलं तिकीट... १९५१ चं.

सकाळी खालचं दार उघडंच होतं. हॅरल्ड खुर्चीत गेले होते. चेहरा शांत, निजलेल्या मुलासारखा. शिऱ्याची वाटी रिकामी.

अंगावर लाल कोट.

निळा कोट आम्ही त्यांच्यासोबत पुरायला दिला. वर्षभरात संजीवने युनिव्हर्सिटी बदलली, मग सनीव्हेलला नोकरी लागली. इथे बर्फ पडत नाही. त्या मॅचचं नावही कुणी काढत नाही.

तरी दर वर्षी त्या शनिवारी, दिवेलागणीला, संजीव सोफ्यावरून उठतो. बूट घालतो. दाराशी जाऊन म्हणतो, "चल, मी घरी निघतो."

तू घरीच आहेस, मी सांगते. दाराला पाठ लावून उभी राहते. थोड्या वेळाने तो बूट काढतो. त्याला काही आठवत नाही.

मोजे मात्र ओले असतात.

त्या सांजेला मी दिवा लावला तेव्हा कुणाचं नाव घेतलं नव्हतं. वाटेवरचा, एवढंच म्हटलं होतं. आणि वाटेवरचा आला. पण कोटांची अदलाबदल घरात नाही, तळ्याकाठी झाली... वॉल्टरची अर्धी राहिलेली वाट निळ्या कोटाबरोबर संजीवच्या अंगावर आली. ती आता कुणी पुरी करायची?

आता मी त्या ओळी म्हणत नाही. दिवा लावते आणि फक्त संजीवचं नाव घेते.

यंदा २००८. पुन्हा बावीस नोव्हेंबरलाच शनिवार आला आहे.

दाराला मी दुसरी कडी बसवून घेतली आहे. आतून.