पांढऱ्या शर्टाची लाल बटणं

“पुन्हा पसरला,” असं म्हणून ठिपकी मटकन स्टुलावर बसली.

टेबलावर साठ कुकीज मांडलेल्या होत्या. प्रत्येक कुकी म्हणजे एक उघडं पुस्तक. पांढऱ्या आयसिंगची दोन पानं आणि मधून खाली आलेली लाल फीत. निदान सकाळी तरी तसं होतं. आता दुपारचे दोन वाजले होते आणि प्रत्येक फितीचा लाल रंग पानभर ओघळला होता.

वाचनालयातल्या बाई तीस वर्षांनी निवृत्त होणार होत्या. उद्या संध्याकाळी पाच वाजता त्यांचा निरोप समारंभ होता आणि ही ऐंशी पुस्तकं त्याच्यासाठीच चालली होती. मावशीची ही पहिलीच मोठी ऑर्डर. सुट्टीत मावशीकडे आलेल्या ठिपकीला तिने त्यात आयसिंगचा कोन धरू दिला होता. चार वर्षांची असताना ठिपकीने हॉलची भिंत ठिपक्यांनी भरून टाकली होती, तेव्हापासून तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. आता ती बारा वर्षांची होती आणि हात असा स्थिर, की फीत काढताना ती श्वाससुद्धा घेत नसे.

काल अशाच वीस कुकीज बिघडल्या होत्या. आयसिंगमध्ये पाणी जास्त झालं की रंग जागेवर राहत नाही, पळतो, असं मावशीने तेव्हा समजावून सांगितलं होतं. पांढरं मावशीचं, लाल ठिपकीचं, अशी वाटणी होती. पळालं होतं ते लाल. म्हणून आज ठिपकीने पाणी थेंबाथेंबाने घातलं आणि धाकट्या भावाला शेजारी बसवून थेंब मोजून घेतले. या भावाला सगळे वकील म्हणत, कारण पुराव्याशिवाय तो दूधही पीत नसे.

मावशी आत आली. तिने एक कुकी उचलली, ओघळलेली फीत पाहिली आणि ती परत खाली ठेवली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं, असं ठिपकीला वाटलं.

“मावशी, मी थेंब मोजले होते. वकील साक्षीदार आहे.”

“वकील कधीपासून साक्षीदार व्हायला लागले?” मावशी हसली, पण कोन तिने ठिपकीच्या हातातून अलगद काढून घेतला. “राहू दे बाळा. उद्या सकाळी सगळं खरवडून मीच पुन्हा करते. तू डबे पूस.”

मग हवा लागावी म्हणून तिने टेबलाजवळची खिडकी सताड उघडली. पहाटे पाचपासून उभी असल्यामुळे ती पाठ टेकायला निघून गेली.

ठिपकीने एक डबा पुसला, दुसरा पुसला. तिसऱ्याच्या वेळी डोळे पुसायची पाळी आली. तेवढ्यात मावशीचा मुलगा धडधडत आत आला. हा कधी चालत नसे, धावतच असे, म्हणून तो इंजिन. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा नाकावर वर सरकवला.

“पाणी जास्त होतं की नव्हतं, एवढंच शोधायचंय ना? मग शोधू.”

कडा मोडल्यामुळे बाजूला ठेवलेल्या सहा कुकीज होत्या. ठिपकीने त्याच कोनांनी सहाही सजवल्या. दोन खिडकीत ठेवल्या, दोन टेबलावर, आणि दोन हॉलमध्ये दार लावून, चपलांच्या कपाटावर.

“शी! चपलांवर?” वकील म्हणाला.

“खायच्या नाहीत त्या. साक्ष द्यायच्यात,” ठिपकीने त्याला गप्प केलं.

चार ते पाच, तासभर तिघांनी कळ काढली. मग बघतात तो काय, खिडकीतल्या दोन्ही फिती पार वाहून गेलेल्या, टेबलावरच्या जराशा पसरलेल्या आणि चपलांच्या कपाटावरच्या मात्र खडखडीत! कोन तोच, हात तोच. म्हणजे दोष पाण्याचा नव्हता. ठिपकीच्या छातीवरचा धोंडा निम्मा उतरला.

वकील मात्र खिडकीकडे टक लावून बघत होता. “हा पडदा कुणी इस्त्री केला?”

खरंच की. कालपरवापर्यंत चुरगळलेला पडदा आता सरळ, नव्यासारखा लोंबत होता. पडद्यांना इस्त्री करायची नाही, सुरकुत्या आपोआप पडतात तशा आपोआप जातात, असं मावशीचं तत्त्व होतं. या वेळी त्या खरोखरच आपोआप गेल्या होत्या. ही खिडकी उघडत होती डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधोमध तळापासून वरपर्यंत गेलेल्या मोकळ्या जागेत. इंजिनाने डोकं बाहेर काढून खाली वाकून पाहिलं आणि तसंच आत घेतलं. चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफट्ट झाल्या होत्या.

“मला तर काहीच दिसत नाही,” तो म्हणाला.

“मग दिसलंच की,” ठिपकी म्हणाली. “खाली वाफ आहे.”

तळमजल्यावर लाँड्री होती. तिघं धावत खाली गेले. लाँड्रीवाले काका वाफेच्या इस्त्रीने शर्ट दाबत होते. वाफेचा पाइप पूर्वी रस्त्यावर उघडायचा, पण येणारेजाणारे कुरकुर करायचे. म्हणून तीन दिवसांपूर्वी त्यांनी तो मागे डक्टमध्ये वळवला होता. हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. वर कोण राहतं, कुणाच्या खिडक्या उघड्या असतात, याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता.

त्या वाफेने तिसऱ्या मजल्यावरच्या मावशीच्या कुकीज बिघडतात, असं ठिपकीने सांगितलं तेव्हा ते हसले. “आणि वाफ तीन मजले चढते होय? अरे, मला जिना चढताना धाप लागते! कपडे असतील तर द्या, नाहीतर पळा.”

इंजिन वाद घालायला सरसावलं, पण ठिपकीने त्याची बाही ओढली. तिचं लक्ष काकांच्या हातांकडे होतं. एक पांढरा शर्ट त्यांनी तीन वेळा उजेडात धरला होता, कुठे बारीकसा डाग तर नाही ना बघायला. तिला युक्ती सुचली.

पुस्तकाची कुकी उभी धरली की वरची खाच कॉलरसारखी दिसते. वर जाऊन उरलेल्या दोन कोऱ्या कुकींवर तिने पांढरे शुभ्र शर्ट काढले आणि त्यांना लालचुटुक बटणं लावली. खाली आणल्यावर वकिलाने दोन्हींच्या खालच्या कागदावर काकांची सही घेतली, उगाच नंतर अदलाबदल केली असं व्हायला नको. एक कुकी काकांच्या काउंटरवर, पंख्याखाली राहिली. दुसरी इंजिनाने वर खिडकीत नेऊन ठेवली.

काका हसले, पण चिमुकला शर्ट त्यांना आवडला होता. त्यांनी बारा शर्ट आणि दोन कोट संपवले. मग इंजिन वरची कुकी घेऊन आलं.

काकांनी ती उजेडात धरली. बटणांचा लाल रंग थेट खिशापर्यंत उतरला होता. सही त्यांचीच होती.

“पांढऱ्यावर लाल लागला,” ते हळूच म्हणाले आणि बाकावर बसले. “सव्वीस वर्षांत माझ्या हातून एका शर्टाचं असं झालं नाही.”

त्यांनी इस्त्री बंद केली. तीन मजले धापा टाकत चढले आणि दारात उभ्या असलेल्या मावशीला म्हणाले, “ताई, चूक पोरीची नाही. माझ्या पाइपाची आहे.”

मावशीने कपाटावरच्या कुकीज पाहिल्या, खिडकीतल्या पाहिल्या, आणि कपाळावर हात मारला. “आणि माझ्या खिडकीची! आयसिंग वाळेना म्हणून मी ती आणखी आणखी उघडत गेले. ठिपके, तुझं ऐकून तरी घ्यायला हवं होतं गं मी.” तिने कोन ठिपकीच्या हातात परत दिला. ठिपकीने तो घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐंशीच्या ऐंशी कुकीज खरवडून पुन्हा सजल्या. वेळ थोडा होता, पण काकांकडे ओले कोट सुकवायची खोली होती, कोरड्या गरम हवेची. त्यांनी कोट बाहेर काढले आणि दारावर पाटी लावली : ‘आज फक्त पुस्तकं वाळवली जातील.’ दुपारी तीनपर्यंत फिती खणखणीत वाळल्या. पाइप आता थेट गच्चीच्या वर न्यायचा, असं काकांनी ठरवून टाकलं.

समारंभात वाचनालयातल्या बाईंनी एक कुकी उचलली आणि फितीवरून हलकेच बोट फिरवलं. “तीस वर्षं मी पुस्तकं जपली, पण इतकी नेटकी फीत नाही पाहिली. कुणी काढली?”

मावशीने ठिपकीला पुढे केलं. “हिने. आणि मी हिला डबे पुसायला बसवलं होतं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लाँड्रीवाले काका सगळ्यात जोरात वाजवत होते. त्यांच्या काउंटरच्या काचेखाली आता तो डागाळलेला शर्ट कायमचा बसला होता. वकिलाने हळूच विचारलं, खटला संपला असेल तर चपलांच्या कपाटावरचा पुरावा खायला हरकत नाही ना?

घरी जाताना मावशी ठिपकीच्या खांद्यावर हात टाकून चालत होती.

“पुढच्या वेळी लाल तुझं,” ती म्हणाली, “आणि पांढरंही तुझंच. डबे मी पुसेन.”