साच्यातल्या खिडक्या

दफनभूमीवरच्या मेणबत्त्या विझल्या, नोव्हेंबरातलं धुकं सान नदीवरून वर चढायला लागलं की ब्रोनिया शुभेच्छापत्रं करायला बसायची. नाताळला इमारतीतल्या प्रत्येक घराला एक. विकायला नाही. विकणाऱ्या बायांबद्दल तिचं मत वाईट होतं. मणी, रिबिनी आणि छापील देवदूत चिकटवून तुम्ही कागदाचा जीव घेता, असं ती त्यांना तोंडावर सांगायची. तिच्या पत्रावर एकच गोष्ट असे: प्शेमिशल गावातल्या चढावरच्या गल्लीतली त्यांचीच इमारत, समोरून दिसते तशी, राखाडी जाड कागदातून कापलेली, खिडक्या आरपार. ज्याला पत्र द्यायचं त्याच्या खिडकीमागे ती पिवळा ट्रेसिंग पेपर लावी, बाकीच्यांच्या मागे निळा. पत्र उजेडाकडे धरलं की आपल्या घरात दिवा लागलेला दिसायचा.

इतकी वर्षं हे सगळं ती पात्याने कापत होती. पण आता नजर अधू झाली. मागच्या वर्षी एका घराच्या पत्रावर तिने चुकून दार तिरकं कापलं आणि इमारतीची राखण करणाऱ्या झेनोबिया बाईंनी ते पत्र जिन्यात सगळ्यांना दाखवत फिरवलं. मग यंदा स्तेफाने, तिच्या धाकट्या बहिणीने, ताईने काढलेलं इमारतीचं जुनं चित्र गुपचूप पाठवून त्यावरून पोलादी साचा बनवून घेतला. तळहाताएवढा, पातळ, कडा पात्यासारख्या. सोबत टेबलावर ठेवायचं यंत्र. खाली प्लेट, त्यावर कागद, त्यावर साचा, वर दुसरी प्लेट, आणि दांडा फिरवायचा. दोन रुळांतून सगळं दाबून पलीकडे निघतं आणि इमारत कापून मिळते.

"आता तरी दार सरळ कर," स्तेफा म्हणाली. "आणि मी ऑपरेशनात गचकले तर साचा परत करू नकोस, पैसे मिळणार नाहीत."

स्तेफाच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. नाताळाआधी जेशूफच्या इस्पितळात ती बदलायची ठरली होती. ती स्वतः त्यावर विनोद करत होती. ब्रोनियाला त्यातला एकही सहन होत नव्हता. या दोघींनी लग्नं केली नव्हती, आईबाप एकापाठोपाठ पुरले होते, आणि आता एकमेकींशी भांडण्याखेरीज जगात दोघींना दुसरं काही उरलं नव्हतं.

यंत्राचा पहिला दिवस छान गेला. दांडा फिरवताना प्लेटा करकरायच्या, इमारत टपकन सुटून हातात यायची, खिडक्यांचे बारके चौकोन टेबलावर सांडायचे. त्यांच्या डोक्यावर, माळ्याच्या खोलीत, विल्चेक आजोबा राहायचे. आयुष्यभर लाकडी पाइप कोरले, आता नुसते ओढायचे. संध्याकाळ झाली की खिडकी उघडून चौकटीवर पाइप आपटायचे, ठक ठक, आणि सगळी राख खाली या बहिणींच्या खिडकीच्या कट्ट्यावर. स्तेफा झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. आजोबा वरून पाय आपटून उत्तर द्यायचे. तेही रोजचंच.

दुसऱ्या दिवशी माळ्याची खिडकी कापली गेली नाही.

ब्रोनियाने आधी प्लेटेला शिव्या दिल्या. प्लेटा झिजतात, मधे खोलगट होतात, हे तिला ठाऊक होतं. लाकडी फळ्यांच्या कारखान्यात जाडी तपासण्यातच तिची सगळी नोकरी सरली होती. दाब कुठे कमी पडतो हे शोधायचं असेल तर वस्तू फिरवून बघायची. तिने प्लेट उलटी घातली. मग साचा खालचा वर केला. मग कागद बदलला. दरवेळी बाकीच्या खिडक्या स्वच्छ, आणि माळ्याची खिडकी नुसती बंदच नाही, तर तिथे साच्याची साधी खूणही नाही. कागद गुळगुळीत, धार त्याला शिवलीच नसावी असा. तिने साच्याच्या त्या चौकोनावरून बोट फिरवलं. बोट कापलं.

खिडकी तिने पात्याने कापली आणि विषय सोडून दिला.

त्याच आठवड्यात आजोबा खुर्चीत गेलेले सापडले. म्हातारे होते, छाती भरलेली होती, नवल कसलं? इमारतीच्या मोठ्या दारावर काळ्या चौकटीची मृत्युसूचना लागली. झेनोबिया बाईंनी जिन्यात उभं राहून त्यांच्या भाड्यापासून फुप्फुसापर्यंत सगळ्याचा हिशेब लावला. पुरल्यानंतर ब्रोनियाने ती सूचना दारावरून अलगद सोडवून आणली. ती नेहमीच आणायची. कागद पातळ आणि चिवट असतो, साच्याखाली अस्तर म्हणून घालायला त्यासारखा दुसरा नाही. जिथे दाब कमी पडतो तिथे कागदाचा एखादा थर सरकवला की धार खोल जाते. झेनोबिया बाई या सवयीवर थुंकायच्या. मेलेल्यांचं चोरून काय मिळतं, असं त्या म्हणायच्या. ब्रोनिया म्हणायची, पाऊस भिजवतो त्यापेक्षा मी वापरते, त्यांनाही बरं वाटेल.

त्यानंतर साच्यात रोमुआल्दची खिडकी बंद झाली.

रोमुआल्द खालच्या मजल्यावर राहायचा. कुलपं दुरुस्त करायचा. पन्नाशीचा, बैलासारखा धडधाकट, जेवण झालं की तोंडाचा बाजा, माउथ ऑर्गन, वाजवायचा आणि तोही वाईट. ब्रोनियाने साचा धुतला, पुसला, फिरवून, उलटून पुन्हा पुन्हा कापून पाहिलं. खिडकी गुळगुळीत. या वेळी तिने पातं उचललं नाही. ती खाली गेली आणि त्याच्या दारात उभी राहिली. काय सांगणार? माझ्या कागदाला तुझी खिडकी कापायची नाही म्हणून डॉक्टरकडे जा? तिने त्याला तब्येत विचारली.

"लग्नाचं विचारायला आलात का?" तो म्हणाला. "उशीर केलात बाई. आता माझी किंमत वाढलीय."

ती हसलीही नाही. वर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसच्या थांब्यावर उभ्या उभ्या कोसळला. लोकांना आधी वाटलं प्यायलाय. तसंच वाटतं लोकांना, आणि मग माणूस थंड होईपर्यंत कुणी वाकून बघत नाही.

त्याचीही सूचना तिने दारावरून काढून आणली. सवयीने. मग तिने यंत्र कपाटात ठेवलं आणि पत्रं यंदा होणार नाहीत असं जाहीर केलं. स्तेफाने कारण विचारलं तेव्हा साचा खराब निघाला म्हणाली. स्तेफाचं तोंड उतरलं. साचा तिनेच दिलेला होता. पण खरं सांगण्यापेक्षा ते बरं. काय खरं होतं, हे तिलाही धड सांगता आलं नसतं.

इस्पितळात नेलं त्या दिवशी स्तेफाकडून ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही घेतली गेली. सही घेणारा तरुण डॉक्टर वर न बघता पानं उलटत होता. ब्रोनियाने त्याला विचारलं की हे सगळं तू वाचलंयस का. तो म्हणाला, हे पेशंटसाठी असतं. "मग तिलाच कापायला दे," ब्रोनिया म्हणाली. नर्स तोंड फिरवून हसली. स्तेफा पलंगावर शांत होती. तिने ताईचा हात धरला आणि फक्त एवढंच मागितलं की उद्या मला एक पत्र आणशील ना, आपली खिडकी पिवळी असलेलं. तिरकं दार असलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, स्तेफाला आत नेलं असेल त्या वेळी, ब्रोनिया घरी यंत्रासमोर बसली होती. बस सुटायला अवकाश होता. पात्याने कापता आलं असतं. पण माळ्याची खिडकी तिने पात्याने कापली होती, आणि त्याने काहीही वाचलं नव्हतं.

तिने कागद ठेवला, साचा ठेवला, दांडा फिरवला.

इमारत सुटून आली. माळ्याची खिडकी बंद, रोमुआल्दची बंद. आणि मधली, त्यांच्या दोघींची, बंद.

खालचा बेकरीवाला ट्रे आपटत होता. कुठल्याशा चर्चची घंटा वाजत होती. तिने त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला आणि तिला राग आला. भीती नाही, राग. आयुष्यभर तिने फळ्या तपासल्या होत्या, जिथे दाब कमी तिथे दाब वाढवला होता, आणि आता हा तळहाताएवढा पत्रा तिला सांगणार होता काय मिळेल आणि काय नाही?

तिने अस्तर घातलं. बेकिंगचा कागद. खिडकी बंद.

दुहेरी घातलं. बंद.

घरातला सगळा पातळ कागद तिने काढला, बुटांच्या खोक्यातलासुद्धा. दांडा आता दोन्ही हातांनी फिरवावा लागत होता, टेबल पुढे सरकत होतं. बंद. कागद पुरे पडेना. तेव्हा तिने खणातून त्या दोन सूचना काढल्या. फाडायला वेळ नव्हता. घडी घालून अख्ख्याच साच्याखाली घातल्या, काळी चौकट, नाव, क्रूस, सगळ्यासकट.

"चल," ती म्हणाली. कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं.

तिने दांड्यावर अंगाचा भार टाकला.

दांडा हलेना.

तिने पाय भिंतीला लावला आणि दांडा ओढला.

हिवाळ्याअखेर सानवरचा बर्फ फुटतो तसा आवाज झाला. प्लेट उभी तडकली. इमारत पलीकडून निघाली आणि जमिनीवर पडली.

ती गुडघ्यांवर बसली आणि कागद उचलून उजेडाकडे धरला. मधल्या खिडकीतून तिला समोरचं छप्पर दिसलं, त्यावरचा कावळा दिसला.

फोन वाजला तेव्हा ती तशीच बसलेली होती. बाईचा आवाज होता. झडप बसली, हृदय नीट चालतंय, संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येतील, तुम्ही या. ब्रोनियाने धन्यवाद म्हटलं. मग परवाचा वाळलेला खसखशीचा केक उभ्या उभ्या खाल्ला, सगळा, आणि खाताना रडली, आणि रडताना मोठमोठ्याने त्या तरुण डॉक्टरला शिव्या दिल्या. तिच्या छातीवरून दगड उचलला गेला होता. बसमध्येही तिला हसू आवरत नव्हतं. शेजारच्या माणसाने जागा बदलली.

पिवळा कागद चिकटवताना तिला दिसलं होतं, पण तिने मनावर घेतलं नव्हतं. तो एकच कागद असा निघाला होता की त्यात कुठलीच खिडकी बंद नव्हती. माळ्याची उघडी होती. रोमुआल्दचीही. दाब सगळ्यांवरच पडला होता.

स्तेफा नाताळासाठी घरी आली. बारीक झालेली, छातीवर पट्टी, तोंड मात्र शाबूत. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबली आणि प्रत्येक मजल्यावर झेनोबिया बाईंच्या झाडण्याला नावं ठेवली. झेनोबिया बाई खालून म्हणाल्या, मेली असतीस तर निदान दारावर गप्प बसली असतीस. दोघी हसल्या.

नाताळच्या पूर्वसंध्येला ब्रोनियाने टेबलावर पांढरं कापड घातलं, कापडाखाली गवत पसरलं. बीटचं सूप, कार्प मासा, सारण भरून उकडलेल्या पिएरोगी. दोघींच्या दोन थाळ्या, आणि सगळेच मांडतात तशी एक रिकामी, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. पत्र खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर दिव्यासमोर उभं केलं होतं. पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायचं नसतं, म्हणून स्तेफा तिची वाट बघत खिडकीशी बसली. तिचे गाल लाल झाले होते. ब्रोनिया तिच्याकडे बघत होती आणि मनात म्हणत होती की आता काहीही होऊ दे. हिला बसलेली बघितली, पुरे.

चांदणी दिसली, मग दोघींनी ओप्वातेक मोडली, नाताळला वाटून खायची पातळ पांढरी पापडी, आणि एकमेकींना भरवली. गळ्यात पडून झालं, डोळे पुसून झाले.

"माशाचा वास कोंडलाय," म्हणत स्तेफाने खिडकी जरा उघडली. आणि हसली. "ताई, माळ्यावर नवीन कोण आलंय? त्यालाही तीच घाण सवय."

माळ्याची खोली बंदच होती. किल्ली झेनोबिया बाईंकडे होती.

ब्रोनिया खिडकीशी गेली. बाहेरच्या कट्ट्यावर ताजा बर्फ होता आणि बर्फात राखेने एक काळं भोक पाडलं होतं. तिने त्यात बोट घातलं. राख गरम होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी तोंडाच्या बाजात फुंकर घातली, सूर लागतोय का बघायला, आणि थांबलं.

"सूप निवतंय," ती म्हणाली. खिडकी तिने लावली, पण कडी घातली नाही. मग कपाटातून आणखी एक थाळी काढली, पुसली आणि रिकाम्या थाळीशेजारी मांडली.