नापास दगड

"अहो बाई, ते दगड आहेत! चोरायचंच असेल तर आत केळी चांगली आहेत."

मेघना दचकून सरळ झाली. वटार गावच्या रस्त्याकडेला, नव्या विहिरीतून निघालेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर ती वाकली होती. पंपाच्या खोलीपाशी वाडीचा मालक उमंग उभा होता. हात मातीने भरलेले… आणि डोळ्यांत हसू.

"चोरत नव्हते. तपासत होते."

"दगडाला नाडी असते?"

तिने करून दाखवलं. पिशवीतला चाकू काढून एका पांढुरक्या खड्यावर त्याचं टोक ओढलं. ओरखडा उठला नाही. छोट्या बाटलीतून व्हिनेगरचा थेंब टाकला. फेस आला नाही. "हा पास. गारगोटीच्या जातीचा." दुसऱ्यावर थेंब पडताच तो बारीक फसफसला. "हा मऊ. पिंपात याचा चिखल होईल, आणि बाकीचेही बिघडतील."

मेघना कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. वसई पूर्वेला तिच्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक छोटं पिंप होतं, सातिवलीच्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतलेलं. दगड, पाणी आणि घासायची पूड घालून ते मोटरवर फिरवत ठेवलं, की महिन्याभराने दगड काचेसारखे गुळगुळीत निघत. आई गेल्यापासून त्या घरात आवाज असा तेवढाच होता. पण अर्ध्याहून जास्त भरल्याशिवाय ते सुरू करता येत नसे. दगड कमी असले की एकमेकांवर आपटून फुटतात. सध्या दगड कमी होते. पिंप गप्प होतं, हे तिने उमंगला सांगून टाकलं.

"मग रविवारी या," उमंग म्हणाला. "मी निवडून ठेवतो."

ती गेली. मग दर रविवारी जाऊ लागली. तो ओल्या गोणपाटावर दगड मांडून ठेवायचा आणि शेजारी उकिडवा बसायचा.

"पास?"

"नापास."

"बाई, जरा ग्रेस मार्क द्या की!"

घरातून त्याची आई, मनोरमाकाकू, ओरडायच्या, "अरे, चहा तरी विचार त्यांना! दगड काय देतोस?"

मेघना खाली मान घालून हसायची. संध्याकाळी फ्लॅटचं कुलूप उघडलं की ते हसू कुठेतरी विरून जायचं. ओट्याशी उभ्यानेच ती जेवायची. ताट घेऊन बसायचं तरी कोणासमोर…

एका रविवारी तिच्या लक्षात आलं, आता मूठभर दगड मिळाले की पिंप भरणार. मग इथे यायला काय कारण? उमंगने मधाच्या रंगाचा एक खडा पुढे केला. चाकूचा ओरखडा उमटला नाही. फेस आला नाही.

"नापास," मेघना म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच तिने प्रयोगाचा निकाल खोटा सांगितला होता. पुढच्या रविवारी पुन्हा सांगितला. त्याच्या पुढच्याही.

मे महिना संपत आला तेव्हा उमंग म्हणाला, "उद्या ट्रक येतोय. सगळा ढीग सातिवलीला, गोदामाच्या भरावाला."

मग तो आतून एक घमेलं घेऊन आला. त्यात तिने नाकारलेल्यांतले निवडक दगड होते. त्याने मधाच्या रंगाचा खडा उचलला, स्वतःचा चाकू ओढला, शेजारच्या बर्थाबाईंकडून आणलेल्या व्हिनेगरचा थेंब टाकला.

"ओरखडा नाही. फेस नाही. बाई… हा बिचारा कुठल्या विषयात नापास झाला?"

मेघनाचे कान तापले. "कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही पिंप भरून मोकळ्या झाला असतात."

त्याने दगड तिच्या पिशवीत ओतले. पिशवी जड झाली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "दर आठवड्याला पिंप उघडायचं, दगड धुवायचे, पूड बदलायची… एकटीने जमतं?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं! पण खोटे निकाल आता पुरे झाले होते.

"जमतं," ती म्हणाली. "सगळंच जमतं एकटीने. इतकी वर्षं जमवलंय."

त्याचा चेहरा उतरला. पिशवी तिच्या हातात द्यायला तो वाकला. तिने ती घेतली नाही.

"मदत लागते म्हणून नका येऊ, उमंग. मला… मला वाटतं तुम्ही यावं. म्हणून या."

उमंगने पिशवी खांद्याला लावून घराकडे तोंड केलं. "आई, मी बाईंच्या घरी जाऊन येतो!"

"सावकाश ये," आतून आवाज आला. "इथे कसली घाई नाही."

बसच्या थांब्याकडे दोघं चालू लागली. दुसरा कप नेमका कुठल्या फळीवर ठेवलाय, ते मेघना आठवत होती.