अर्धा बांध

"बाई, उठा! बांध खचतोय!"

वीस वर्षांच्या मला कुणी 'बाई' म्हणतं? मी मुळीच उठले नाही. चिखलात रुतलेली चप्पल ओढत बसले... आणि बुडाखालचा ओला बांध फसकन् खचला. पाटाचं पाणी माझ्यासकट शेजारच्या शेतात!

समोर खोरं घेऊन एक उंच, सावळा तरुण उभा होता. हसू दाबत होता, पण नीट दाबतही नव्हता.

"माझ्या कांद्याचं पाणी रामहरी आबाच्या हरभऱ्यात घातलंत की हो!"

"तहानला असेल बिचारा हरभरा," मी पदर पिळत म्हणाले.

"हितला रिवाज हाय. बांध ज्यानं मोडला, त्यानंच घालून द्यायचा."

"देईन की! घाबरते काय?"

हा केशव. मॅट्रिक होऊन शेतीत रमलेला. आणि मी विनया, बारामतीच्या डॉक्टरांची लेक. पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं मी एकटीच होते. माझ्या बोलण्यावर मुली फिदीफिदी हसायच्या. मग आमचं महिला सेवा मंडळ निघालं, तिथं विजयमाला भेटली आणि मला जिवाची मैत्रीण मिळाली. नाताळच्या सुट्टीत अंथुर्ण्याला जाऊन बायकांना लिहावाचायला शिकवायचं, हा हट्ट माझाच. देवळात फळा टांगला, पण एक बाई फिरकेल तर शपथ! मंडळाच्या इंदिराबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारपर्यंत वर्ग भरला नाही तर गाशा गुंडाळायचा. पुन्हा खेड्यात येणं नाही."

चिखल थापता थापता मी केशवला विचारलं, "इथल्या बायकांना शिकायचंच नाही का?"

"शिकायचं हाय की! पर पाटाला पाणी आलंय न्हवं. पाळी चुकली तर पीक जळंल. समद्या वाफ्याची दारं धरून उभ्या हायेत."

पलीकडे त्याची चुलती धोंडाबाई वाफ्याचं तोंड उघडून उभी होती. वाफा भरला की ते बुजवायचं, पुढचं उघडायचं. आणि भरेपर्यंत? खोऱ्यावर हनुवटी टेकून नुसती वाट बघायची. मी ताडकन् उठले.

"केशवराव, वाफा भरेपर्यंत मी काकूंजवळ बसले तर चालेल?"

"आन् माझा बांध?"

"राहू दे अर्धा!"

फळा देवळातच राहिला. बांधावरचा ओला गाळ झाली पाटी, बोट झालं लेखणी. एका बांधावर मी, दुसऱ्यावर पदर खोचून विजयमाला. "ह्यो 'ध' तर माझ्या जावंवानी कमरंत वाकलाय," धोंडाबाई म्हणाली आणि बायका खदखदून हसल्या. रोज नव्या येऊन बसू लागल्या. इतकं सुख मला आजवर कशानंच दिलं नव्हतं.

केशवही यायचा, काही ना काही निमित्त काढून.

"पाणी कुठवर आलं, बघाया आलतो."

"पाणी तिकडं आहे."

"व्हय... पर बघण्याजोगं हितं हाय."

मी मान वर केली नाही. कान मात्र तापले!

सोमवारी इंदिराबाई गाशा गुंडाळायच्या तयारीनंच आल्या. बांधावर पाय ठेवणार, तोच धोंडाबाई ओरडली, "ओ बाई, पाय नका ठिवू! मी हाय तितं!"

गाळात तिचं नाव होतं, तिच्याच बोटानं लिहिलेलं. इंदिराबाई खाली वाकून ते वाचत राहिल्या. मग चपला काढून बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "विनया, पुढच्या सुट्टीतही इथंच येऊ." विजयमालानं मला चिखलासकट मिठी मारली.

निघायच्या दिवशी निमगाव केतकीच्या एस.टी.साठी बैलगाडी उभी होती. केशव पाटाकडून आला. खोऱ्याचा चिखल पुसत पुटपुटला, "बांध अर्धाच ऱ्हायला तुमचा."

"मुद्दामच ठेवलाय. परीक्षा झाली की येते पुरा करायला."

"...एकट्याच?"

"नाही. बाबांना घेऊन. लेक द्यायची ते घर बाप आधी बघतो, हाही इथला रिवाजच ना? मला तुम्ही आवडता, केशवराव. उगाच आडपडदा कशाला?"

तेवढ्यात पलीकडून रामहरी आबा कडाडले, "आरं केशवा, पाणी! माझ्या हरभऱ्यात शिरलं पुन्यांदा!"

केशव जागचा हलला नाही. माझ्याकडेच बघत म्हणाला, "शिरू द्या, आबा. बांध घालणारी येणार हाय."