पहिल्या ओळीतली पाहुणी

मेलेली बाई रोज सकाळी लॉजवर उतरते आणि रजिस्टरात स्वतःचं नाव लिहिते, ही बातमी आदिलाबादेत आधी पानठेल्यावर पोचली. तिथं तिला उलटे पाय फुटले. अमृतरावांकडे ती आली लॉजच्या रिसेप्शनिस्ट मथुराबाईंच्या पिशवीतल्या रजिस्टरातून, साधी, हिरव्या शाईतली.

अमृतराव तहसीलच्या दफ्तरातून निवृत्त झालेले. आता हरवलेल्या बैलापासून पळालेल्या जावयापर्यंत काहीही शोधून देत. बियाण्याचे दुकानदार भगवानराव त्यांचे सोबती. गुन्ह्याच्या जागी चहा कुठं मिळेल, हे तेवढं त्यांना आधी कळे.

"चौदा वर्षं रेणुकाबाईंच्या हाताखाली काढली," मथुराबाई म्हणाल्या. "श्रावणात त्या गेल्या. या सोमवारी मले सीनियर रिसेप्शनिस्ट करणार होते. आता मालक म्हणतात, बाईचा जीव खुर्चीत अडकला हाय, तिले तू नको. आणखी एक ओळ निंगाली तर खुर्ची मॅनेजर सुधाकररावाच्या साळीले, त्याच्या बायकोच्या बहिणीले."

रेणुकाबाई दर दिवशी नवं पान घेत आणि पहिली ओळ कोरी सोडत. ती देवाची. मथुराबाईंनी रीत मोडली नव्हती. पण गेले नऊ दिवस त्या ओळीत लिहिलेलं असे : रेणुकाबाई माणिकराव, मु. वांकिडी, जिल्हा आसिफाबाद. आगमन सकाळी सहा दहा. निर्गमनाचा रकाना रिकामा.

"अक्षर त्यांचंच?"

"त्यांचंच. वांकिडी त्यांचं माहेर."

अमृतरावांनी भिंग फिरवलं. ओळ पाण्यासारखी वाहत गेली होती, कुठं अडखळ नाही, ठिपका नाही. पानाचा खालचा कोपरा तेवढा ओल लागून फुगलेला.

"कामात त्या कशा होत्या?"

"पाहुणा आला का पह्यले चप्पल पाहत, मंग चेहरा. म्हणत, चेहरा खोटं बोलते, चप्पल नाही. कोण कुठून आला, बरोबर सांगत. मले ते कधी जमलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लॉजवर गेले. भगवानराव जैनथ गावच्या वावरातून, मातीच्या चपलांनी तसेच आले होते. काउंटरमागची खुर्ची रिकामी होती. गादीवर बसल्याचा खळगा तसाच; जणू बाई आत्ताच कुणाला खोली दाखवायला उठली. कोपऱ्यात तिच्या चष्म्याचं घर. आणि नव्या पानावर, त्याच पहिल्या जागी, दहाव्या दिवसाची ओळ, अजून ओलसर.

 कुणीतरी आपल्या चपलांकडे बघतंय, असं भगवानरावांना वाटलं. बघत होतीच. झाडू घेतलेली भागाबाई दारात उभी होती.

"जैनथकडून आले काय, भाऊ? वावरातून?"

"हो," भगवानरावांनी पाय मागं घेतले.

मथुराबाई सातला येत. त्याआधी लॉजच्या कामात तीनच जिवंत माणसं असत, आणि अमृतरावांनी तिघांना एकेक करून विचारलं.

मालक चंपतराव सहाला शटर उघडून देवाजवळ बसत. पंधरा वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरे. सहीचा देखील कोळी व्हायचा. "बाई नाराज हाय," एवढंच ते म्हणत राहिले.

मॅनेजर सुधाकरराव वरच्या मजल्यावर राहत. "माझी साळी कॉम्प्युटर शिकलेली हाय, हे काय पाप हाय? अन् मी शिकलो तेलुगूत. मराठी बोलतो, लिहाले लावाल तर तुमीच भूत पाहिल्यावानी पळाल." त्यांनी लिहून दाखवलं. खरंच पळण्यासारखं होतं.

"भागाबाई, तुम्ही सहाला येता," अमृतराव म्हणाले. " कोणी दिसलं?"

"मी फडका मारून राह्यते, साहेब. मले ना अक्षर येते, ना भूत दिसते."

"गाव कोणतं?"

"वांकिडी. बाईच्याच गावची. आता तेही गेलं. बसस्टँडावर जिल्ह्याच्या मंडलांचा, म्हंजे तालुक्यांचा, नवा फळा लागला, वरून खालवर दोनदा पाह्यला मी. आमची वांकिडीच नाही त्यात. मले कसंतरीच झालं."

"जाऊ द्या आता," भगवानराव बाहेर येऊन म्हणाले. "भूतच हाय. हात थरथरणारा लिहीत नाही, तेलुगूवाला लिहीत नाही, अडाणी लिहीत नाही. राह्यलं कोण?"

"चहा घ्या," अमृतराव म्हणाले, "आणि सगळ्यांना काउंटरपाशी बोलवा."

सगळे जमले. खुर्चीत कुणी बसलं नाही.

"रेणुकाबाई श्रावणात गेल्या," अमृतराव म्हणाले. "तेव्हा वांकिडी आदिलाबाद जिल्ह्यातच होती. जिल्ह्याचे चार तुकडे झाले दसऱ्याला. मेलेल्या बाईनं आसिफाबाद लिहिलं कसं? या काउंटरवरच्या सव्वीस वर्षांत तिच्या हाताला एकच जिल्हा ठाऊक होता."

चंपतरावांनी रजिस्टर जवळ ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

"म्हणजे हात जिवंत. नक्कल करणारा थांबून थांबून लिहितो, शाई साचते. इथं ओळ वाहते. कारण ही नक्कलच नाही. हे अक्षर त्या माणसाचं स्वतःचं आहे; ते शिकवलंच रेणुकाबाईंनी. पानाचा कोपरा भिजतो, म्हणजे लिहिणाऱ्याचे हात ओले असतात. आणि अक्षर न येणाऱ्या बाईला, फळ्यावर आपलं गाव नाही हे कळलं कसं? चपलेवरून जैनथ ओळखायची विद्याही रेणुकाबाईंचीच. मथुराबाईंना ती जमली नाही. भागाबाईंना जमली."

झाडू हळूच भिंतीला टेकला.

"सात वर्षं शिकवलं बाईनं," भागाबाई म्हणाली. "सहा ते सात, कोणी याच्या आंधी. म्हणत, मथुरा सीनियर झाली का तिची जागा खाली होईल, ते तुई. गेल्या, तं सराव कोनापाशी करू? देवाच्या ओळीवर त्याइचंच नाव लिहिलं. रोज उतरून घेत होती मी त्याइले. नव्या रेशनकार्डावर आसिफाबाद आलं, म्हून तसं लिहिलं. मालक भेले, तवा सांगाचं होतं. पण झाडूवालीनं रजिस्टरले हात लावला म्हटल्यावर झाडूही गेला असता."

"अन् माही खुर्ची जात होती, ते?" मथुराबाईंनी विचारलं.

"ते मले काल समजलं, बाई. तरी आज हात राह्यला नाही."

 मथुराबाई सोमवारची वाट न पाहता रेणुकाबाईंच्या खुर्चीतल्या खळग्यात बसल्या. खुर्ची कुरकुरली, चंपतरावांनी हात जोडले, पण नाही म्हणाले नाहीत. मथुराबाईंनी स्वतःचं जुनं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"बस. पण हे आंधी मिटव. पाहुणीचं निर्गमन लिही."

भागाबाईनं पदराला हात पुसले, हिरवा पेन घेतला, रिकाम्या रकान्यावर नेला, आणि तसाच थांबवला.

"आजच नको, मथुराबाई. टेलिफोनवर बोलाचं राह्यलं हाय त्याइच्यापासून शिकाचं."

भगवानरावांनी जाता जाता आपल्या चपला काढून, भागाबाईला दिसू नयेत म्हणून पाठीमागं लपवून नेल्या.