आद्य वीराचा दात

जाईबाई गॅलरीत मशेरी घासत बसली होती. तोंडातलं बोट न काढता तिनं कोपरानंच शामराव धुरूंची खोली दाखवली, आणि एक बाई सरळ आत शिरली.

"चोरी शोधनारं तुमीच का?"

शामरावांच्या हाताखालच्या रामदासनं कप खाली ठेवला. शामरावांनी पोलिसातली नोकरी साहेबाच्या तोंडावर फेकली, तेव्हापासून गिरगावातल्या या खोलीत पुष्कळ माणसं येत. पण ती आधी वहाणा काढत, मग अडखळत.

"मीच. बसा."

"बसाया येळ न्हाई. माज्या मालकाला चौकीत बसवलाय."

बकुळा डिलाईल रोडची. नवरा भिवा दादरच्या मानवेतिहास मंडळात शिपाई. तिथल्या काचेच्या कपाटातली कवटी आज सकाळी नाहीशी झालेली आढळली होती. साधीसुधी कवटी नव्हे. शीवच्या टेकडीखाली निघालेली, दोन हजार वर्षांची, मुंबईच्या आद्य वीराची, असं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून तिचं नाव घेतलं जाई. कुलूप शाबूत, किल्ल्या दोनच. एक डॉक्टर चिंतामणींकडे, दुसरी भिवाकडे.

"भिवा कुणाला काही बोलला होता?"

"बोलला की. डॉक्टर समद्यांची नाकं-डोकी चिमट्यानं मोजतो. भिवाला म्हनला, तुजं डोकं या वीराशी जुळत न्हाई, तुमी लोक हितलं नव्हंच. आमी गेल्या साली बुद्धाची दीक्षा घेतलेली मानसं. भिवा म्हनला, तुमचा वीर एक दिस समुद्रात टाकतो."

"टाकला?"

"टाकला असता तर हसत घरी आला असता. त्यो गप हाय. तुरुंगात गेला तर नोकरी जाईल, खोली जाईल, आन चोर म्हनून नाव ऱ्हाईल."

शामराव उठले. "रामदास, टोपी घे."

दादरला मंडळाच्या दारात कुशाबा पहारेकरी उभा होता. आत स्टुलावर भिवाचा जेवणाचा डबा तसाच पडलेला. तो उघडायच्या आतच भिवाला सकाळी पोलिसांनी नेलं होतं.

"काल कोण कोण बाहेर पडलं?" शामरावांनी विचारलं.

"आधी भिवा. मग डॉक्टर, सुमेधाताई, अण्णासाहेब. तिघं अण्णासाहेबांच्या मोटारीतनं. रात्री दाराला माझंच कुलूप."

"हातात काय होतं?"

"भिवाचा डबा. तो मी रोज उघडून बघतो, पिशवीसुद्धा झटकतो. डॉक्टरांचा हुकूम आहे. बाकीच्यांची कधी बघत नाही. पण काल त्यांचे हात मोकळेच होते. डॉक्टरांकडे छत्री."

"भिवाचीच झडती का?" रामदासनं विचारलं.

कुशाबा जमिनीकडे बघू लागला. उत्तर कळलं, आणि विचारल्याची रामदासलाच लाज वाटली.

मंडळाला पैसा पुरवणारे अण्णासाहेब खुर्चीत घाम पुसत होते. "मुंबई कुणाची म्हणून विचारतात ना? कवटी ट्रकवर ठेवून मोर्चात मिरवायची होती मला. डॉक्टर नको म्हणाले, भांडण झालं. पण अहो, चोरून लपवून मला काय मिळणार? मला तर ती दाखवायची होती."

"हे पटलं," शामराव म्हणाले.

सुमेधा डॉक्टरांची मदतनीस. बोटांना शाई, आवाज हळू. "पुण्याच्या तज्ज्ञांना मीच बोलावलं होतं. उद्या येताहेत. हाडाचं वय रसायनानं काढतात. काल दुपारी डॉक्टरांना सांगितलं. ते छान म्हणाले. मग मी वाचनालयात गेले, भिवाला त्यांनी टपालकचेरीत धाडलं."

"तुम्हाला वयाचा संशय होता?"

तिनं उत्तराऐवजी काड्यापेटी पुढे केली. कापसात एक पुढचा दात. "गळून पडला होता. चित्र काढायला ठेवून घेतला. डॉक्टरांना ठाऊक नाही."

दात बाहेरच्या अंगानं काळा, चकचकीत. आतून पिवळट. खाली एक रेष, आणि रेषेखालचं मूळ स्वच्छ.

"काय दिसतं, रामदास?"

"किडलाय."

"किडला नाही रे." शामरावांनी पेटी खिशात टाकली.

डॉक्टर चिंतामणी दालनात उभे होते, शेजारी पागोटेवाल्या, मिशाळ वीराचा प्लास्टरचा पुतळा. छातीपर्यंतचाच. "कवटीच्या मापावरून मीच घडवला. महिना झाला. अशिक्षित माणसाच्या हाती विज्ञान सापडलं की हे असं होतं."

"पुरुषच होता?"

"भुवईचं हाडच सांगतं. योद्धा. मिशा तेवढ्या अंदाजानं."

खालची पट्टी वाचायला रामदासनं पुतळा सरकवू पाहिला. भलताच जड. बुडाला लागलेली बोटं ओलसर, पांढरी झाली. त्यानं ती रुमालाला पुसली. शामराव त्या रुमालाकडे बराच वेळ बघत राहिले.

परतताना ते परळला एका रसायनशास्त्रज्ञ मित्राकडे उतरले. रामदासला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी मंडळाच्या दालनात सगळे पुन्हा जमले, फौजदार भिवाला घेऊन आला. मागे बकुळा. शामरावांनी टेबलावर दात ठेवला.

"डॉक्टर, हा काळा कशानं?"

डॉक्टर दातावर वाकले. "मातीनं."

"माती बाहेरच्याच अंगाला बसते? ही रेष हिरडीची आहे. तिच्याखाली डाग नाही. म्हणजे दात काळा झाला तेव्हा हिरडी होती, माणूस जिवंत होता."

"मग दातवण असेल. पूर्वी बायका हिरडा-हिराकस लावून दात काळे करीत. फार जुनी चाल आहे."

सुमेधानं डॉक्टरांकडे वळून पाहिलं.

"बायका?" शामराव हळूच म्हणाले. "तुमचा तर योद्धा होता."

डॉक्टरांनी दाताकडे हात नेला; शामरावांनी तो आपल्याकडे ओढला.

"बाईच आहे ती, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. दातवणही नाही. परळला खरवडून तपासलं. जाळलेली तंबाखू. आमची जाईबाई सकाळी घासते ती मशेरी. तंबाखू फिरंग्यांच्या गलबतांतून आली, फार तर चारशे वर्षांपूर्वी. उद्याची तपासणी तुम्हाला उघडं पाडणार होती. म्हणून काल सगळ्यांना बाहेर धाडलंत."

"पण भिवाकडे किल्ली..." अण्णासाहेब पुटपुटले.

"किल्ली होती, वाट नव्हती. इथं रोज झडती होते ती एकट्या भिवाची. डॉक्टरांच्याच हुकमानं. मोकळ्या हातांनी गेलेल्या तुम्हा तिघांनी नेली नाही, आणि डबा उघडून दाखवणाऱ्यानं नेली नाही. म्हणजे कवटी इथंच, या इमारतीतच आहे. महिन्यापूर्वीच्या पुतळ्याचं बूड ओलं कसं, रामदास? तुझ्या रुमालाला विचार."

रामदासनं रुमाल काढला. पांढरे डाग वाळले होते.

"फोड, भिवा," फौजदार म्हणाला.

भिवानं फोडला नाही. पुतळा आडवा करून किल्लीनं बूड खरवडलं, आत हात घालून कवटी अलगद काढली. पुढचा एक दात नव्हता. उरलेले काळे.

डॉक्टर खाली बसले. "मुंबई आपली याचा लोक रोज पुरावा मागत होते. रस्त्यासाठी टेकडीचा पायथा खणला, तिथं मिळाली. आधी मलाही खरीच वाटली. दातांकडे नीट बघितलं तोवर छापून आलं होतं."

"माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं. तिथवर माफ केलं असतं," शामराव म्हणाले. "पण कळल्यावर तुम्ही बाईला मिशा ठेवल्यात आणि भिवाला बेड्या घातल्यात. मुंबई आपली आहे हे सांगायला मेलेलं डोकं कशाला हवं? गिरण्यांच्या भोंग्याला जी जिवंत डोकी बाहेर पडतात, ती मोजा. चिमटा न लावता."

"पायथ्याला आमच्या लोकांची पुरायची जागा व्हती," भिवा पहिल्यांदाच बोलला.

बकुळानं वाकून बघितलं. "दोन हजार वर्सांची म्हनं. आजेसासूच्या वयाची असंल."

"पुरावा म्हणून न्यावी लागेल," फौजदार म्हणाला.

"न्या," भिवा म्हणाला. "पावती माज्या नावानं द्या. खटला संपला की मी तिला न्यायाला येनार."

स्टुलावरचा डबा उचलून तो दाराशी आला. सवयीनं कुशाबाचा हात पुढे झाला आणि मध्येच थबकला.

भिवानं स्वतःच झाकण काढलं. भाकरी आंबून गेली होती.

"बघ, कुशाबा. आन उद्यापासनं समद्यांच्या बघत जा."