सोड म्हणायचं राहिलं

धाकटीच्या अंगावर घालायचं लाकडी शिल्प ताईने सहा आठवडे डोळ्यांत तेल घालून केलं होतं. गळ्यापासून बरगड्यांपर्यंत, पुढचा आणि मागचा असे दोन भाग, दोन्ही कुशींत रबरी पट्ट्यांनी जोडलेले. गुडघ्याच्या दुखण्याने दोन वर्षं घरी बसलेली धाकटी शनिवारी ते घालून पुन्हा रंगमंचावर नाचणार होती. ताईचा तर सगळा जीव त्या शनिवारात अडकला होता.

ताईच्या कामाची एक ठरलेली रीत होती. स्कॅनर हातात घेतला की ती म्हणायची, "धर." समोरच्याने छातीभर श्वास घेऊन थांबायचं, कारण छाती हलली की संगणकावरचा आकार बिघडतो. फेरी पूर्ण झाली की "सोड". मग संगणकात छातीचं माप तीन सेंटीमीटरने कमी करायचं. माणूस काही छाती फुगवून जगत नाही. शिल्प घातल्यावर श्वासाबरोबर ताणले जायला पट्टे असतातच. वर्कशॉपमध्ये धाकटी ताईचा शब्द तंतोतंत पाळायची. घरी मात्र भांडी घासायला सांगितली की तिला नेमकं ऐकू यायचं नाही.

मंगळवारी शेवटची फेरी संपता संपता संगणक अडकला. ताई त्याच्या नावाने बोटं मोडत टेबलाखाली वायर शोधायला वाकली. वर आली तेव्हा धाकटी चपला घालून निघून गेली होती.

यंत्राने अक्रोडाचं लाकूड अकरा तास कोरलं. ताईने आतली बाजू बोट अडखळणार नाही इतकी घासली. शुक्रवारी दुपारी धाकटीने शिल्प घातलं.

"घट्ट आहे," ती म्हणाली.

पट्टे पूर्ण ताणलेले होते. ताईने कॅलिपर लावून लाकूड मोजलं, संगणकातल्या फाइलशी ताडून पाहिलं. कुठे केसभरही चूक नव्हती. मग तिच्या लक्षात आलं, पट्टे ताणलेले होते ते होतेच. श्वासाबरोबर ते हलतच नव्हते.

तिने शिल्प उतरवून स्टँडवर चढवलं आणि धाकटीच्या छातीभोवती फीत धरली. चौऱ्याऐंशी. धाकटीचं नेहमीचं माप एक्याऐंशी.

"नेहमीसारखा श्वास घे बघू."

"घेतलाय की."

फीत जागची हलली नाही. ताईने चष्मा काढून धाकटीच्या नाकाखाली धरला. काच स्वच्छ राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मंगळवारपासून. तू म्हणालीस ना, धर." धाकटीच्या आवाजात तक्रार नव्हती. "पुढचं सांगितलंच नाहीस."

यंत्र बंद होतं. भुसा शोषणारा पंखाही बंद होता. ताईला स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता, एकटीच्याच.

"सोड," ती हळूच म्हणाली.

धाकटीने डोळे मिटले. फीत सैल होऊ लागली. त्र्याऐंशी. ब्याऐंशी. एक्याऐंशी.

ताईच्या जिवात जीव आला.

ऐंशी.

एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर.

"बास, पुरे."

फीत सरकतच राहिली. मागे स्टँडवर रबर करकरलं. ताईने वळून पाहिलं. शिल्पाचे दोन्ही भाग एकमेकांपासून दूर होत होते आणि पट्टे ताणले जात होते.

शहात्तर.

"धर!" ताई ओरडली. "धर गं, धर."

फीत थांबली.

ताईची बोटं फीत सोडायला तयार नव्हती. धाकटीने डोळे उघडले, स्वतःच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि गुडघा बरा झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी हसली होती तशी हसली.

"दे इकडे," ती म्हणाली. "आता बसेल मला."

स्टँडवरचे पट्टे सावकाश सैल झाले आणि पुन्हा ताणले गेले.